फाटकावरचा कागद

वार्ना, ८ नोव्हेंबर १९८७

ल्युबेन,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. एक ओळ धुक्याची आणि एक "आम्ही बरे आहोत" अशी. बरे आहात म्हणे! तुझ्या आईंनी शेजारणीकडून लिहून घेऊन चार पानी पत्र पाठवलं नसतं तर मीही तेच समजून बसले असते.

स्विलेनाला वाचता येत नाही. वर्गातली बाकीची मुलं पहिलं पुस्तक अर्धं वाचून बसलीत आणि माझ्या बहिणीची पोर तोंड उघडत नाही. गेशेवा बाईंनी तुला शाळेत बोलावून सांगितलं, तेही तू मला कळवलं नाहीस. ऐक, मी पहिलीच्या वर्गावर केस पिकवलेत. एप्रिलमध्ये समिती बसते. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला मंदबुद्धी मुलांच्या वसतिशाळेत पाठवतात, दुसऱ्या गावी. अशा समितीवर मी स्वतः बसले आहे. सही किती पटकन होते ते मला विचार. माझी बहीण तेमेनुगा मातीआड गेली, आता पोरही घरातून जाऊ द्यायची आहे का?

तेव्हा हातपाय गाळून बसू नकोस. जेवण झालं की दहा मिनिटं, जास्त नाही. पुस्तक बाजूला ठेव. आधी कान, मग डोळा. दोन प्रकारचा सुका घेवडा घे, पांढरा आणि ठिपक्यांचा, आणि प्रत्येक आवाजाला एक दाणा मांड. तोंड उघडून गाता येतो तो आवाज पांढरा. जीभ, दात, ओठ कुठेतरी आडवे येतात तो ठिपक्यांचा. तिला म्हणावं, आपल्या गावाचं नाव सांग. ल्... ओ... म्. ठिपक्यांचा, पांढरा, ठिपक्यांचा. अक्षराचं नाव घ्यायचं नाही, नुसता आवाज काढायचा. चुकली तर ओरडायचं नाही. तू ओरडणारा नाहीसच म्हणा, तुझ्या तोंडून शब्द काढायलाच सांडशी लागते.

आणि रस्त्याने जाताना दिसेल ते वाचायला लाव. पावाचं दुकान, टपाल कचेरी, बसची पाटी, भिंतीवर, फाटकांवर चिकटवलेले कागद, काहीही. मुलं अशीच वाचायला लागतात.

नेवेना


लोम, २९ नोव्हेंबर १९८७

नेवेनाताई,

घेवडा काढला. दोन संध्याकाळी बसलो. लोम झालं. नदी झालं. नंतर तिचं लक्ष राहिलं नाही. घेवडा परत बरणीत ठेवला.

तिला जमेलसं वाटत नाही. हळूहळू होईल. घाई करू नये असं मला वाटतं.

शाळेत आता नदीच्या काठाने नेतो. लांब पडतं, पण हवा चांगली असते. बंदरावर कोळशाच्या बोटी येतात. मी क्रेनवर असतो. वरून सगळं लहान दिसतं. काम ठीक चाललं आहे.

ल्युबेन


वार्ना, १० डिसेंबर १९८७

ल्युबेन,

नोव्हेंबरात डॅन्यूबच्या काठाची हवा चांगली! अरे, कुणाला सांगतोस? मी त्याच गावात वाढले. त्या वाटेवर नाकाचा शेंडा गळून पडतो. काठाला ना दुकान, ना पाटी, ना भिंत. वाचण्यासारखं एक अक्षर नाही. मी सांगते रस्त्यातलं वाच, आणि तू मुलीला नेमकं तिथून नेतोस जिथे काही लिहिलेलंच नाही.

आणखी ऐक. तुझ्या आई लिहितात की स्विलेनाचं पहिलीचं पुस्तक तू बंदरावर घेऊन गेलास आणि ते क्रेनच्या केबिनमध्येच राहिलं. तिथे बसून तू वाचतोस की काय? पहिलीत नापास झाला होतास का?

थट्टा पुरे. मुलांना कळत नाही असं क्वचितच असतं, मोठ्यांना शिकवायचं नसतं असं पुष्कळ वेळा असतं. बापाला स्वतःला कंटाळा आहे, की दारू आहे, की दुसरी बाई आहे, असं गेशेवा बाई म्हणत असतील. मी तसं म्हणत नाही. पण मला कारण हवं आहे. सरळ लिही. नाहीतर नववर्षाच्या सुट्टीत गाडीत बसते आणि तिथे येऊन मीच शिकवते. पंधरा दिवसांत वाचायला लावते की नाही बघ.

नेवेना


लोम, २० डिसेंबर १९८७

नेवेनाताई,

येऊ नका. कारण लिहितो.

स्विलेनाला माहीत नाही.

तुम्ही अंत्ययात्रेला आलात तेव्हा ती माझ्या मामाच्या गावी होती. तुम्ही त्याच गाडीने परत गेलात. तुम्हाला वाटलं असेल नंतर मी सांगेन. मलाही तसंच वाटलं होतं. ती परत आली आणि तिने विचारलं, आई सोफियाच्या दवाखान्यातून कधी येणार. मी म्हणालो, अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणालो. मग तेच म्हणत राहिलो. म्हणायला सोपं आहे. काही वाटत नाही.

फाटकावर मृत्यूचा कागद लावायचा नाही असं मी आईला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. बाई मेली आणि फाटक कोरं ठेवणार, लोक काय म्हणतील, सुनेला कुणी नव्हतं म्हणतील. तिचंही बरोबर आहे. गल्लीत एक फाटक असं नाही ज्यावर कुणाचा ना कुणाचा कागद नाही. मग मी छापखान्यात सांगितलं, फोटो घालू नका. फोटोशिवाय छापला, काळी चौकट आणि मजकूर. फाटकावर वर लावला, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. शेजारी आमच्या वडिलांचा जुना कागद आहेच. तिने विचारलं तर म्हणालो, हाही आजोबांचाच. दाराला काळी पट्टी आहे, तीही आजोबांची. तिने ऐकून घेतलं.

गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. शाळेत बाईंना सांगितलं. तिच्यासमोर कुणी काही बोलत नाही. मी एकटा असलो की दुकानात, मेलेल्या माणसासाठी म्हणायचं ते म्हणतात, देव तिला क्षमा करो. ती बरोबर असली की हवेचं बोलतात.

पावाच्या दुकानाशेजारच्या खांबावर तेमेनुगाचा कागद आहे. बसथांब्यावर आहे. टपाल कचेरीच्या भिंतीवर आहे. म्हणून नदीच्या काठाने.

ज्या दिवशी तिला वाचता येईल त्या दिवशी ती फाटकापाशी उभी राहील आणि एकेक आवाज जोडून आईचं नाव वाचेल. तुम्ही शिकवलंत तर लवकर वाचेल. आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आई हाच शब्द आहे. ते पान मला उघडता येत नाही.

समितीचं मला माहीत आहे. झोप लागते. जेवण जातं. काय करायचं ते मात्र कळत नाही.

ल्युबेन


वार्ना, ३ जानेवारी १९८८

ल्युबेन,

तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने, स्वयंपाकघरात उभी राहून. शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली तेव्हा थांबले.

तू काय चालवलं आहेस ते तुला कळतं का? एका बाजूला मुलगी शिकली तर तिला कळेल म्हणून तू तिला शिकवत नाहीस. दुसऱ्या बाजूला ती शिकली नाही तर एप्रिलमध्ये तिला उचलून नेतील. आईवाचून राहिलेली पोर तू बापावाचूनही करणार. आणि मधल्या मध्ये सगळी गल्ली हवेच्या गप्पा मारते! धन्य ते लोक. मेलेल्याचा कागद फाटकावर डकवायचा, अख्ख्या गावाने वाचायचा, आणि घरातल्या एका माणसाला तेवढं अडाणी ठेवायचं. आपल्या लोकांनाच सुचावं असं आहे हे.

तिला सांग. बसव समोर आणि सांग. "आई मेली" हे दोनच शब्द आहेत. गोष्टी रचू नकोस, झोपली, ढगात गेली, असलं काही नाही. मी शाळेत अशी मुलं पाहिली आहेत. जी रडली ती पुढे गेली. ज्यांना कुणी सांगितलं नाही ती तशीच बसून राहिली.

मला बोलायला सोपं जातं असं तू म्हणशील. तर तेही लिहिते. इथे वार्नात कुणाला माहीत नाही. शाळेत मी सांगितलंच नाही. बहीण गेली म्हटलं की चहाच्या वेळी सगळ्या बायका गोळा होतील, या विचाराने मी गप्प राहिले, आणि आता इतके दिवस झाले की सांगायचं तरी काय म्हणून. कागद सगळे तिकडे लोमला, इथे एकही नाही. मी शिकवते, घरी येते, वह्या तपासते. एकदाही रडले नाही. तुला शिव्या देताना आवाज चढला तेवढाच.

तेव्हा मी काही तुझ्यापेक्षा शहाणी नाही. पण मला सात वर्षांची मुलगी नाही, तुला आहे. सांग तिला.

नेवेना


लोम, १७ जानेवारी १९८८

नेवेनाताई,

नाही सांगितलं.

नदी गोठली आहे. बंदर बंद. मी घरी असतो. रोज सकाळी ठरवतो. ती दूध पिते, मी समोर बसतो. मी म्हणतो, पी. ती पिते. मग ती शाळेत जाते. एवढंच होतं. दुःख होतं असं नाही. आतमध्ये कुणी नसल्यासारखं आहे. दवाखान्यातून फोन आला तेव्हापासून तसंच आहे.

नववर्षाला आईने चीजची बानित्सा भाजली. दरवर्षी तिच्यात घालायच्या नशिबाच्या चिठ्ठ्या तेमेनुगा लिहायची. या वर्षी आई म्हणाली, तूच लिही, पण तीच वाक्यं लिही, बदलू नकोस. तशीच लिहिली. आरोग्य. प्रवास. नवे बूट. सगळे घरी. घड्या करून पापुद्र्यांत घातल्या. आईला तिची चिठ्ठी मी वाचून दाखवली, आरोग्य होतं. मला प्रवास आला. एक तुकडा घरासाठी ठेवला, तो अजून कुणी खाल्ला नाही.

स्विलेनाने तिची चिठ्ठी उलगडली. बराच वेळ हातात धरली. मी म्हणालो, दे, वाचतो. तिने दिली नाही. घडी करून मोज्यात घातली आणि खाली बघून खायला लागली. लाजली असेल, वाचता येत नाही म्हणून. आई म्हणाली, राहू दे. मी राहू दिलं.

तेव्हापासून ती आई कधी येणार असं विचारत नाही. सवय झाली असेल.

पुस्तक केबिनमधून आणलं. कपाटावर ठेवलं आहे.

ल्युबेन


वार्ना, २८ जानेवारी १९८८

ल्युबेन,

कर्म माझं! डोळे असून तू काय बघतोस?

मी लहान मुलांत जन्म काढला. ज्या मुलाला वाचता येत नाही ते कागद घेऊन धावत येतं. हे काय लिहिलंय, सांग ना, सांग ना, म्हणून जीव खातं. बानित्सातली चिठ्ठी! वर्षभर वाट बघायची गोष्ट! ती न वाचता मोज्यात ठेवणारी मुलगी अजून जन्माला यायची आहे. जिने चिठ्ठी लपवली तिने ती वाचली, ल्युबेन.

तिला वाचता येतं. कधीपासून ते देव जाणे. तू पुस्तक लपवलंस, पण वर्गात तीस मुलं दिवसभर मोठ्याने वाचतात, त्यांच्यात बसून तिने कान थोडेच बंद केले होते? तू घेवडा बरणीत ठेवलास म्हणून काही अडलं नाही. तिला सगळं येतं, ती फक्त तोंड उघडत नाही. आणि तोंड उघडलं नाही तर समितीला ते कळायचं कसं?

आता नीट आठव. तुझी कुठली, आईंची कुठली. उरलेल्या दोन्हींपैकी तिची कुठली? घरासाठी ठेवलेला तुकडा फोडून बघ.

नेवेना


लोम, ७ फेब्रुवारी १९८८
(कार्ड)

नेवेनाताई,

तुकडा फोडला. वाळून दगड झाला होता. आत नवे बूट.

म्हणजे तिच्याकडे सगळे घरी.

ल्युबेन


लोम, २० मार्च १९८८

नेवेनाताई,

तुमची मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. आता आहे. सगळं लिहितो, मला एवढं लिहायची सवय नाही.

परवा तेमेनुगाला जाऊन सहा महिने झाले, त्याचा नवा कागद लावायचा होता. आईने छापखान्यातून आणला. या वेळी फोटो आहे. आईने मला न विचारता घालायला सांगितला. तो तुमच्या लग्नातला, मोत्यांची माळ घातलेला. आईने पिठाची खळ केली. मी खळ आणि ब्रश घेऊन फाटकापाशी गेलो. स्विलेना शाळेतून यायच्या आत लावायचा असं ठरवलं होतं. मग नाही लावला. नुसता उभा राहिलो. ती येईपर्यंत उभा राहिलो.

ती आली. माझ्या हातात कागद बघितला. मी तिला दप्तर खाली ठेवायला सांगितलं आणि कागद तिच्या हातात दिला. म्हणालो, वाच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग वाचायला लागली. ते. मे. नु. गा. एकेक आवाज सुटा करून, मग जोडून, तुम्ही सांगितलं होतं तसा. आवाज बारीक होता. इतक्या दिवसांनी तिचा वाचायचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सहा महिने झाले" इथे अडली. मी म्हणालो, पुन्हा पहिल्यापासून. नकळत तोंडातून निघून गेलं. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

"केव्हापासून?"

"तेव्हापासून."

ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मला समजलं नाही. मी विचारलं, म्हणजे काय. मग तिने सांगितलं. हिवाळ्यात तिला अक्षरं जुळायला लागली तेव्हा तिने आधी फाटकावरचं मोठं नाव वाचलं. ते आजोबांचं नव्हतं. पण मी म्हणायचो आजोबांचं. मी म्हणायचो आई सोफियाला आहे. फाटकातून येता-जाता मी खाली बघून चालतो, कागदाकडे कधीच बघत नाही. दुकानात माणसं मला बघून कुजबुजतात आणि मग हवेचं बोलतात. तेव्हा तिला वाटलं, गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त बाबांना माहीत नाही. बाबांना कळलं तर काय होईल म्हणून ती शाळेत वाचत नव्हती. मोठ्याने वाचायला लागली तर मी म्हणेन, चल, फाटकावरचं वाचून दाखव.

ताई, एवढीशी पोर मला सांभाळत होती.

मी खाली बसलो, फाटकापाशीच, ओल्या जमिनीवर. रडू आलं असं लिहिलं तर खोटं होईल. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या हाताला खळ लागली होती. मग तीच म्हणाली, कागद वाळून जाईल, चला लावू.

जुना काढला, नवा लावला. या वेळी खाली लावला, तिच्या उंचीला. तेव्हा तिने खालची बारीक अक्षरं वाचली. जुना कागद उंच होता म्हणून तिला ती कधी दिसलीच नव्हती. "दुःखात: पती ल्युबेन, मुलगी स्विलेना, सासू पेना, बहीण नेवेना." स्वतःच्या नावावर बोट ठेवून तिने विचारलं, "जुन्यावरही माझं नाव होतं?"

मी म्हणालो, होतं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं की मी दुःखात आहे?"

मी म्हणालो, हो.

"मग मला कुणी काहीच का नाही म्हणालं?"

मी तिला खरं सांगितलं. मी नको म्हटलं होतं. मग आम्ही उरलेले कागद घेऊन निघालो, दुकानाच्या रस्त्याने. पावाच्या दुकानाजवळच्या खांबावर ती कागद धरून उभी राहिली आणि मी खळ लावली. दुकानातली व्हेला बाई दारात आली. तिने मला बघितलं, मग तिला बघितलं, आणि म्हणाली, "आज हवा सुटली आहे." स्विलेनाने खांबावरचं अख्खं वाचून दाखवलं, शेवटच्या नावापर्यंत, मोठ्याने. व्हेला बाईने ॲप्रनला हात पुसले, खाली वाकली, तिचा हात हातात घेतला, मोठ्या माणसाचा घेतात तसा, आणि म्हणाली, "देव तिला क्षमा करो, बाळ."

मग बसथांब्यावर दोघी म्हाताऱ्यांनी तेच केलं. टपाल कचेरीत खिडकीवरच्या माणसाने बाहेर येऊन केलं. ती प्रत्येकाला मान हलवून "देव क्षमा करो" म्हणत गेली. मी खळीचं भांडं धरून मागे उभा होतो. घरी आल्यावर ती रडली. रात्र होईपर्यंत रडली. मी तिला रडू दिलं.

गेशेवा बाईंना सकाळी सांगितलं. त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. एप्रिलच्या यादीतून नाव काढतील असं म्हणाल्या.

मला अजून तसंच आहे. आत कुणी नसल्यासारखं. पण फाटकातून जाताना वर बघतो.

तिने तुम्हाला लिहिलं आहे. मी मदत केली नाही. सोबत पाठवतो.

ल्युबेन


नेवेना मावशी

मी स्विलेना. मला वाचता येतं.

कागदावर तुझं पण नाव आहे. सगळ्यात खाली. मी ते वाचलं.

बाबा म्हणाले तुझ्या गावात आईचा कागद नाही. मग तुला कुणी काही म्हणत नसेल. म्हणून मी म्हणते.

देव तिला क्षमा करो मावशी.